आवाज कपाटाचा, दोष स्पीकरचा

गेल्या दिवाळीत आमच्याकडे होम थिएटर आलं. बसवायला आलेल्या मुलाने विचारलं, "सर, वूफर कुठे ठेवू?" मी चहाचा ट्रे घेऊन तिथेच उभी. ह्यांनी शोकेसचा खालचा कप्पा दाखवला. वरच्या कप्प्यात माझा काचेचा सेट, माथ्यावर सासऱ्यांचा रेकॉर्ड प्लेअर.

पहिल्याच गाण्याला घर्रर्र सुरू झालं. मुलगा म्हणाला, "आई, स्पीकर फाटलाय." दुकानात दोन चकरा झाल्या, वूफर बदलून आणला, तरी घर्रर्र कायम. एकदा गाणी चालू असताना शोकेस पुसत होते. सरकत्या काचेवर तळहात टेकला आणि आवाज बंद! हात काढला की पुन्हा सुरू. स्पीकर बिचारा ठणठणीत होता, वाजत होतं आमचं कपाट. कुठली काच सैल, कुठलं दार वाजतं, हे रोज पुसणारीला माहीत असतं. पण तिला विचारतो कोण? "तुला त्यातलं काय कळतं" हे ठरलेलं.

मैत्रिणींनो, कळायला अवघड काही नाही. वॉशिंग मशीन स्पिनला लागलं की शेजारची बादलीसुद्धा थरथरते ना? वूफरचा पडदा तसाच पुढे-मागे हलतो. त्याच्याबरोबर खोका, खोक्याबरोबर फळी, फळीबरोबर काचा. म्हणून मी वूफर जमिनीवर घेतला, कोपऱ्यापासून जरा पुढे, कारण कोपऱ्यात खर्ज फुगतो. खाली वॉशिंग मशीनला घालतात तसले रबरी पॅड घातले. रबर वजनाने थोडं दबलं पाहिजे बरं का, दगडासारखं कडक असेल तर उपयोग नाही. काचेच्या खाचेत खिडकीची रबरी पट्टी बसवली. खर्च अगदी किरकोळ.

रेकॉर्ड प्लेअरचं दुखणं वेगळं. त्याची सुई रेकॉर्डच्या खाचेतली बारीक थरथर वाचते, तशीच फळीची आणि पावलांचीही. नातू धावला की सासऱ्यांच्या माणिक वर्मा अडखळायच्या. मी माझ्या बरण्या काढल्या आणि तो भिंतीत पक्क्या बसवलेल्या कडप्प्यावर ठेवला. आता नातू खुशाल नाचू दे.

एवढं करूनही खालच्या काकू एका संध्याकाळी वर आल्याच. त्यांची बायपास झालेली. "अगं, गाणं खाली येतच नाही, नुसते ठोके येतात. माझी छाती धडधडतेय की वर वाजतंय, तेच कळत नाही."

मला फार लाज वाटली. रबरामुळे जमिनीला बसणारा धक्का कमी होतो, पण खर्ज हवेतूनही भिंती-स्लॅब हलवतो. त्याला पॅड पुरत नाही, बटणच कमी करावं लागतं. ह्यांचं म्हणणं, "अगं, बेस कमी करायचा तर एवढे पैसे घातले कशाला?" 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागासाठी रात्री दहा ते सकाळी सहा 45 डेसिबलची मर्यादा आहे, हे मी ऐकवू शकले असते. पण आपल्याच खाली राहणाऱ्या माणसासाठी नियम काढून दाखवायचा? आणि काकूंना तर दुपारीसुद्धा त्रास होतो.

म्हणून आता आमच्याकडे बेस दिवसा निम्म्यावर आणि रात्री नऊनंतर शून्यावर. हे अजून कुरकुरतात. शोकेसच्या रिकाम्या कप्प्यात मी माझ्या बरण्या लावून टाकल्यात.