बाळंतिणीची धाप

बाळंतपणानंतर थकवा यायचाच, पाय सुजायचेच, अशी घरोघरची समजूत असते. पेरिपार्टम कार्डिओमायोपॅथी नेमकी याच लक्षणांआड लपते. गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यापासून प्रसूतीनंतरच्या पाच महिन्यांपर्यंत, पूर्वी धडधाकट असलेल्या स्त्रीचे हृदय दुर्बळ होते; डावी जवनिका आपल्यातील ४५ टक्के रक्तही एका ठोक्यात बाहेर ढकलू शकत नाही. टूडी इकोने निदान होते, पण धाप हृदयाची असेल अशी शंका आधी कुणाला तरी यावी लागते.

लखनौच्या किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठात क्वीन मेरी हे प्रसूती रुग्णालय आहे आणि लारी हृदयरोग केंद्रही आहे. तेथवर पोहोचलेल्या स्त्रीला दोन्ही विद्याशाखांचे तज्ज्ञ मिळू शकतात. अडते ते पोहोचण्यापाशी. २०१८-२० च्या नमुना नोंदणीनुसार उत्तर प्रदेशात दर लाख जिवंत जन्मांमागे १६७ मातामृत्यू होते, महाराष्ट्रात ३३. हे सारे मृत्यू या विकाराचे नव्हेत. परंतु या आकड्यांमागच्या उणिवा त्यालाही भोवतात.

चर्चा मात्र ब्रोमोक्रिप्टिनचीच अधिक होते. २००७ साली हॅनोव्हरच्या संशोधकांनी उंदरांत दाखवले की दूध आणणाऱ्या प्रोलॅक्टिन संप्रेरकाचा एक तुटलेला तुकडा हृदयातील सूक्ष्म रक्तवाहिन्यांना इजा करतो. हे औषध प्रोलॅक्टिनच रोखते. कल्पना देखणी आहे, पुरावा तोकडा. २०१७ च्या जर्मन चाचणीत ६३ स्त्रिया होत्या आणि तुलना एक आठवडा विरुद्ध आठ आठवडे औषध अशी होती. औषधाविना गट नव्हताच. शिवाय दूध आटते आणि रक्त गोठण्याचा धोका असल्याने सोबत रक्त पातळ ठेवणारे औषध द्यावे लागते. जेथे स्वच्छ पाणी व वरचे दूध यांची शाश्वती नाही, तेथे आईचे हृदय आणि बाळाचे पोषण यांचा तोल डॉक्टरांनी आईला विश्वासात घेऊनच साधायला हवा. मूत्रल आणि बीटा-ब्लॉकर ही नेहमीची स्वस्त औषधे तर वेळेत मिळायलाच हवीत.

वेळ साधायची तर रुग्णालयाबाहेर. रुग्णालयात प्रसूती झाल्यावरही आशा कार्यकर्ती ४२ दिवसांत सहा वेळा घरी येते, पण तिचे मुख्य लक्ष बाळाकडे असते. त्याच भेटीत आईला विचारता येईल: सपाट झोपल्यावर दम कोंडतो का? रात्री धाप लागून उठून बसावे लागते का? बाळाच्या सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्याच्या लसीकरणालाही बहुधा आईच येते. हे प्रश्न विचारायला यंत्र लागत नाही. उत्तर ‘हो’ आल्यास पुढे कुठे पाठवायचे, हे तिच्या वहीत लिहिलेले असले पाहिजे.