लाकडी पेन आणि वर्कशॉपचे मामा

गेल्या सोमवारी हापिसात जेवताना मी खिशातलं पेन काढून टेबलावर ठेवलं. शिसवीचं. सलग दोन शनिवार-रविवार खपून लेथवर स्वतः कातलेलं. (हो, मिरवायलाच ठेवलं होतं. उगाच खोटं कशाला बोला!) पेन टेबलभर फिरलं आणि तीन प्रतिक्रिया आल्या. पहिली, "कितीला पडलं?" दुसरी, "विकतोस का? इन्स्टावर पेज काढ." तिसरी आमच्या मॅनेजरसाहेबांची, "अरे, सीएनसीवर टाकलंस तर दिवसाला शंभर निघतील."

घरी जाताना सिग्नलला उभा असताना डोक्यात प्रकाश पडला. टेबलावर सात इंजिनियर होते आणि एकानंही "कसं केलंस?" असं विचारलं नव्हतं.

तर मंडळी, न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, भांडण नंतर.

बाजारात पेनाचं किट मिळतं. त्यात दोन पितळी नळ्या, रिफिल वर-खाली करणारी यंत्रणा, क्लिप, टोक आणि रिफिल. साध्या किटातली नळी ७ मिलिमीटरची. पाऊण इंच जाडीचा चौकोनी लाकडी तुकडा घ्यायचा, नळीपेक्षा किंचित लांब असे त्याचे दोन भाग करायचे आणि मधोमध भोक पाडायचं. ड्रिल सारखं मागे घेऊन भुसा काढावा लागतो, नाहीतर बिट तापतं आणि लाकूड तडकतं. माझे पहिले दोन तुकडे ड्रिल पलीकडे बाहेर पडताना फुटले. नळी पॉलिश पेपरनं खरवडून, अरल्डाइट लावून आत बसवायची आणि रात्रभर वाळू द्यायची. मग दोन्ही तोंडं नळीशी अगदी काटकोनात सपाट करायची. इथे आळस केला तर शेवटी जोडात फट दिसते आणि ती जन्मभर आपल्याकडे बघून हसते.

मग खरी मजा. दोन्ही तुकडे एका सळईवर ओवून लेथवर चढवायचे. प्रत्येक टोकाला धातूचं बुश असतं, लाकूड त्याच्या व्यासापर्यंतच उतरवायचं. पटाशीची उतरती बाजू आधी लाकडावर टेकवायची आणि मूठ हळूहळू वर घ्यायची, म्हणजे धार अलगद लागते. घाई करून धार आधी लावलीत तर पटाशी रुतते, धाडकन आवाज येतो आणि दोन दिवसांची मेहनत भिंतीवर जाऊन आपटते. इथे कंट्रोल-झेड नाही! जमलं तर लांब ढलप्या निघतात. मग १५० नंबरच्या पॉलिश पेपरपासून ६०० पर्यंत घासायचं, वर चपड्याचा हात. डोळ्यांवर गॉगल हवाच, आणि सैल बाह्या किंवा हातमोजे घालून लेथपाशी अजिबात जायचं नाही.

आता भांडण. पहिलं स्वतःशीच.

एवढं सगळं करून टोकाशी नळीभोवती लाकूड किती उरतं? मिलिमीटरसुद्धा नाही. म्हणजे माझं 'लाकडी पेन' हे पितळी नळीवर चढवलेला लाकडाचा पापुद्रा आहे. यंत्रणा माझी नाही, क्लिप माझी नाही. आणि जे लिहितं ते टोक तर मुळीच माझं नाही. बॉलपेनचं पेटंट लास्लो बिरोनं १९३८ साली घेतलं. टोकात जी गोळी फिरते ती टंगस्टन कार्बाइडची, आणि ती ज्यात बसते ती खोबण इतकी अचूक लागते, की जगाला अब्जावधी पेनं विकणाऱ्या चीनला टोकाचं पोलाद बाहेरून आणावं लागत होतं. ते आपल्याकडे बनवल्याचं तिथल्या पोलाद कारखान्यानं २०१७ च्या जानेवारीत जाहीर केलं! आणि आम्ही खुशाल छातीवर 'हँडमेड' लिहून हिंडणार?

हेच पेन मखमली डबीत घालून 'संपूर्ण हस्तनिर्मित' म्हणून विकणाऱ्यांवर माझा राग आहे. लाकूड कातण्यात कमीपणा काहीच नाही. 'संपूर्ण' हा शब्द मात्र शुद्ध थाप आहे. कुणाला हा शब्द हवाच असेल तर त्यानं राजमहेंद्रीच्या के. व्ही. रत्नम यांची गोष्ट आठवावी. परदेशी पेनांना पर्याय म्हणून त्यांनी १९३० च्या दशकात स्वदेशी फाउंटन पेन बनवलं. ते कुमारप्पांमार्फत गांधीजींकडे पोचलं, आणि १९३५ साली गांधीजींनी वर्ध्याहून पत्र लिहून पसंती कळवली. त्यांनी 'स्वदेशी' हा शब्द कमावला होता. आपण मात्र 'हँडमेड' किटाबरोबर फुकट उचलतो.

पण ही थाप आपल्याला इतकी सहज पचते कशी? त्याचं उत्तर द्यायला जरा लाज वाटते, तरी देतो.

इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षी आम्हाला वर्कशॉप होतं. कार्पेंट्रीचा एक जॉब, फिटिंगचा एक. फिटिंगमध्ये लोखंडी पट्ट्या कानशीनं घासून एकमेकींत बसवायच्या. दोन दिवसांत हाताला फोड आले. तिसऱ्या दिवशी एका सीनियरनं ज्ञान दिलं, "येडा आहेस का? मामांना पन्नास रुपये दे." वर्कशॉपचे मामा! त्यांनी अर्ध्या तासात जॉब करून दिला, फट म्हणून दिसेना. त्यावर माझा रोल नंबर पंच केला आणि मला २५ पैकी २२ मार्क पडले. ज्याला काम येत होतं तो शिपायाच्या पगारावर. ज्याला येत नव्हतं तो इंजिनियर. मामांचं आडनावसुद्धा मला माहीत नव्हतं, आजही नाही.

तुम्हीही दिलेत ना पन्नास? मग टेबलावर 'कसं?' हा प्रश्न का आला नाही, ते वेगळं सांगायला नको. 'कसं' हा आपला प्रांतच नाही, हे आपण अठराव्या वर्षीच शिकलो. 'कसं' ते मामा बघतील. आपण 'कितीला' ते बघू.

लेथ मला शिकवला तो पेठेतल्या एका कातारी काकांनी. लाटणी, रव्या, पलंगाचे पाय हा त्यांचा रोजचा धंदा, नगावर पैसे. पहिल्यांदा गेलो ते आईसाठी लाटणं आणायला, आणि शहाण्यासारखी घासाघीस करून वीस रुपये कमी केले. त्याच महिन्यात 'वुडटर्निंग एक्स्पीरियन्स' नावाच्या एका दिवसाच्या वर्गाला बावीसशे रुपये मोजले. मुकाट्यानं! तिथे कॉफी मिळाली, सर्टिफिकेट मिळालं, पटाशीला धार लावायला कुणी शिकवलं नाही. धार आधीच कुणीतरी लावून ठेवली होती. (तिथलेही मामाच, दुसरं कोण?)

काकांकडे परत गेलो तेव्हा त्यांनी पहिले दोन रविवार लाकडाला हात लावू दिला नाही. "साहेब, आधी धार. धार नसली की जोर लागतो, आणि जोर लावला की हात चुकतो." कोडिंगच्या पंधरा वर्षांत इतकं नेमकं मला कुठल्या आर्किटेक्टनं सांगितलेलं नाही.

काकांचा मुलगा डिलिव्हरीची गाडी चालवतो. लेथवर का बसत नाही विचारलं, तर म्हणाला, "लेथवर बसलो तर मुलगी कोण देणार?" ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्याकडे आहे?

आता कुणीतरी म्हणणार, "भावनेच्या भरात बोलू नकोस, किंमत बाजार ठरवतो." मान्य. मी सीएनसीच्या विरोधात नाही. ती यंत्रणा आणि ते टोक यंत्राशिवाय होणारच नाही, आणि त्याचं मला कौतुकच आहे. पण बाजार किंमत करतो ती दिसणाऱ्या नावाची. आपल्या धंद्यात दोन ओळींचा पॅच दिला तरी कमिटवर नाव लागतं. कुणी कोड उचलून लायसन्स काढून टाकलं तर आपण रात्रभर भांडतो. मग लाटण्यावर, पलंगावर, त्या फिटिंगच्या जॉबवर करणाऱ्याचं नाव का नको? तिथे तर आपण स्वतःचा रोल नंबर ठोकला होता.

तेव्हा माझं म्हणणं साधं आहे. किटाचं पेन केलंत तर "लाकूड मी कातलं, बाकी किट" असं सांगा, त्यानं इज्जत जात नाही. कॉफीवाल्याशी जिथे घासाघीस करत नाही तिथे कातारी काकांशीही करू नका. शिकायला गेलात तर फी द्या, आणि कुणाकडे शिकलात ते चारचौघांत सांगा. आणि पुढच्या वेळी कुणी हातानं केलेली वस्तू पुढे ठेवली, तर 'कितीला'च्या आधी 'कसं' विचारा.

असो. उद्या सोमवार. पेन परत टेबलावर ठेवणार आहे. बघू, पहिला प्रश्न कुठला येतो.