पावसातला रस्ता आणि चार तळहात

गणपती जवळ आले की हैदराबादेतल्या आपल्या घरांतून गाड्या निघतात. कुणी सोलापूर-पुण्याकडे, कुणी नांदेडला, कुणी लातूरला. पाऊस सरलेला नसतो, डिकी गच्च भरलेली असते आणि स्टिअरिंगवर बहुधा घरातली तरुण मंडळी असतात. म्हणून या वेळी गाडी घसरते कशी, याबद्दल लिहितो.

टायरचा रस्त्याला टेकलेला भाग साधारण तळहाताएवढा असतो. अशा चार तळहातांवर सगळे कुटुंब बसलेले असते. टायरची पकड मर्यादित असते आणि ब्रेक व वळण दोघांनाही तिच्यातूनच वाटा मिळतो. ओल्या रस्त्यावर ती आणखी कमी होते. वळणातच करकचून ब्रेक दाबला, तर वळायला पकड उरत नाही. म्हणून आउटर रिंग रोडवरून उतरताना गोल रॅम्प येण्याआधी, सरळ रस्त्यावरच वेग कमी करावा.

आपल्या बहुतेक लहान गाड्यांचे इंजिन पुढे असते आणि ओढतातही पुढचीच चाके. अशी गाडी वेगात वळवली की सहसा आधी पुढची चाके घसरतात. स्टिअरिंग फिरवले तरी गाडी सरळच जात राहते. घाबरून आणखी फिरवण्यात अर्थ नाही. ॲक्सिलरेटरवरून पाय हळूच काढा, स्टिअरिंग किंचित सोडा. वेग उतरला की पकड परत येते.

मागची चाके घसरली तर गाडी गर्रकन फिरू पाहते. तेव्हा मागचा भाग ज्या बाजूला जातोय, त्याच बाजूला स्टिअरिंग वळवायचे. हे ऐन वेळी साधणे अवघड. म्हणून दोनच नवे टायर घ्यायचे असतील, तर ते मागे बसवावेत. पुढचे लवकर झिजतात म्हणून पुष्कळ जण नवे पुढे टाकतात. माझे मत तसे करू नये असेच आहे.

एबीएस चाके जाम होऊ देत नाही, त्यामुळे ब्रेक दाबूनही गाडी वळवता येते. पण रस्त्याची पकड ते वाढवत नाही.

रिंग रोडच्या उजवीकडच्या लेनमध्ये 120 ची मर्यादा आहे, ती कोरड्या रस्त्यासाठी समजा. 80 वरून 120 वर गेलात की वेग दीडपट होतो, पण ब्रेक लावल्यावर थांबायला लागणारे अंतर सव्वादोन पट होते. साचलेल्या पाण्यावर टायर तरंगू लागला की स्टिअरिंग एकदम हलके लागते. तेव्हा ब्रेक नको. पाय काढा आणि स्टिअरिंग सरळ धरा. पावसात क्रूझ कंट्रोल बंदच ठेवा.

निघण्याआधी टायरच्या खाचा बघा. कायद्याने 1.6 मिलिमीटर खोली पुरते, पण पावसासाठी 3 च्या खाली गेलेला टायर बदललेला बरा. हवा भरताना दाराजवळच्या स्टिकरवरचा पूर्ण भाराचा आकडा पाहा. जड बॅगा डिकीत तळाशी, सीटला टेकवून ठेवा. टपावरच्या कॅरिअरवर नकोत.

आणि वाटेत आजीचा “कुठवर आलात?” असा फोन आला, तर तो शेजारी बसलेल्याने घ्यावा. “पाऊस आहे, तासभर उशीर होईल,” एवढेच सांगावे.