अननसाचे तीस डबे आणि परक्या घराची किल्ली

प्रेमभंग झालेला एक तरुण पोलीस रोज दुकानातून अननसाचा एक डबा विकत घेतो. डब्यावरची अंतिम तारीख १ मे हीच असली पाहिजे, असा त्याचा हट्ट. त्याच शहरात खाण्याच्या एका टपरीवर काम करणारी मुलगी दुसऱ्याच एका पोलिसावर भाळलेली आहे. त्याच्या घराची किल्ली योगायोगाने तिच्या हाती लागते आणि तो कामावर गेला की ती गुपचूप त्याच्या घरात शिरू लागते. वाँग कार-वाय यांच्या १९९४ सालच्या ‘चुंगकिंग एक्स्प्रेस’ या हाँगकाँगच्या चित्रपटातल्या या दोन गोष्टी. बहुतेक प्रेक्षकांना डबेवाला वेडा वाटतो आणि किल्लीवाली मुलगी गोड. मनाच्या आरोग्याच्या बाजूने पाहिले, तर मला नेमके उलटे वाटते.

आधी डबेवाल्याकडे पाहू. त्याची प्रेयसी त्याला १ एप्रिलला सोडून जाते. ही ‘एप्रिल फूल’ची थट्टा असेल अशी समजूत करून घेऊन तो स्वतःला एक महिन्याची मुदत देतो. तिला अननस आवडतो, १ मे हा त्याचा वाढदिवस. ती परतली नाही तर प्रेमाची मुदत संपली, असा हिशेब. ती परतत नाही. एका रात्रीत तो तीसही डबे संपवतो. (मधुमेह असलेल्यांनी हा मार्ग मनातही आणू नये.)

ही तगमग केवळ सिनेमातली नाही. इटलीतल्या पिसा विद्यापीठातील मानसोपचारतज्ज्ञ डोनातेल्ला माराझ्झिती आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. नुकतेच प्रेमात पडलेले २० जण, मंत्रचळाचा म्हणजे ‘ओसीडी’चा त्रास असलेले २० रुग्ण आणि २० सर्वसाधारण व्यक्ती यांच्या रक्तातील प्लेटलेट्स त्यांनी तपासल्या. सेरोटोनिनची ने-आण करणारे प्रथिन प्रेमवीरांमध्ये आणि रुग्णांमध्ये जवळजवळ सारखेच कमी आढळले. प्रेमात पडलेल्यांपैकी काहींची १२ ते १८ महिन्यांनी पुन्हा तपासणी केली, तेव्हा ते पूर्ववत झालेले होते. अभ्यास छोटा होता आणि तपासणी रक्ताची होती, मेंदूची नव्हे. त्यामुळे ‘प्रेम म्हणजे ओसीडी’ असा निष्कर्ष त्यातून काढता येत नाही. या संशोधनाला पुढच्याच वर्षी विनोदी ‘इग नोबेल’ही मिळाले. पण एकच विचार दिवसभर डोक्यात घोळत राहणे हा प्रेमाच्या सुरुवातीचा स्वभावच आहे आणि तो काळाबरोबर ओसरतो, एवढे तरी त्यातून सुचते.

प्रेमभंगानंतर काय होते, हे अमेरिकेतील मानवशास्त्रज्ञ हेलन फिशर यांच्या गटाने पाहिले. जोडीदाराने नाकारलेल्या, पण अजून त्याच्यातच गुंतलेल्या १५ जणांना त्या व्यक्तीचे छायाचित्र दाखवून त्यांच्या मेंदूचे एमआरआय स्कॅन घेण्यात आले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, कोकेनच्या तलफेशी ज्यांचा संबंध आढळला आहे असे काही भाग सक्रिय दिसले. ‘विसरून जा, सोड तिचा नाद’ हा आपला ठेवणीतला सल्ला म्हणूनच फुकट जातो. तलफ सल्ल्याने जात नाही. तिला खाद्य मिळाले नाही, तर ती हळूहळू मंदावते.

डबेवाला नकळत तेच करतो. तलफेला तारीख घालून देतो. रडू आले की धावायला जातो, घामावाटे पाणी गेले की डोळ्यांना अश्रू उरणार नाहीत म्हणून. शरीरशास्त्र म्हणून हे चूक आहे, अश्रू असे आटत नाहीत. पण धावण्याने मन थोडे हलके होते, हे खरे. तोही अगदी निर्दोष नाही. तिच्या घरी फोन करून घरच्यांशी बोलत राहतो, हे मला खटकते. तरीही त्याच्या वेडाचा जवळजवळ सगळा भार तो स्वतःच उचलतो, आणि त्याच्या पोटावर पडतो तेवढाच.

आता ती मुलगी, फे. तिचा हा पोलीसही प्रेमभंगाने इतका कोलमडला आहे की घरातल्या साबणाशी आणि टॉवेलशी गप्पा मारतो. फे त्याच्या घरी जाऊन साफसफाई करते, टॉवेल बदलते, मासे आणून ठेवते, मासळीच्या डब्यांची लेबले बदलते. एवढ्यावर थांबत नाही, त्याला झोप लागावी म्हणून पाण्यात झोपेची गोळी टाकते. गाण्याच्या तालावर हे सारे इतके लोभस दिसते की आपणही हसतो. जरा पात्रांची अदलाबदल करून पाहा. एखादा पुरुष एकट्या राहणाऱ्या मुलीच्या घरात रोज चोरून शिरतो आणि तिच्या पाण्यात गोळी मिसळतो. हसू तिथेच थांबते. कोणी दारू प्यायला असेल किंवा त्याला श्वसनाचा विकार असेल, तर झोपेची गोळी जिवावरही बेतू शकते. आणि ज्याच्या घरात कोणी असे वावरते, त्याला ते कळल्यावर झोप उडणे, सतत दचकणे, स्वतःच्याच घरात असुरक्षित वाटणे हे सगळे भोगावे लागते.

भावना किती तीव्र आहे, यावरून प्रेम आणि पछाडलेपण वेगळे करता येत नाही. या वेडाची किंमत कोण मोजतो आणि त्याने ती मोजायला होकार दिला आहे का, हे पाहावे लागते. आपल्या हिंदी-मराठी चित्रपटांनी नकार देणाऱ्या मुलीचा पिच्छा पुरवणे हीच चिकाटी म्हणून वर्षानुवर्षे दाखवली. कायद्याने मात्र २०१३ मध्ये स्त्रीचा पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा ठरवला, आज भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये तो आहे. तिच्या इंटरनेटच्या वापरावर पाळत ठेवणेही त्यात येते. परक्या घराची किल्ली आता बहुधा मोबाइलचा पासवर्ड असते. जोडीदाराचे मेसेज चोरून वाचणे, त्याचे लोकेशन तपासत राहणे, सोडून गेलेल्या व्यक्तीचे ‘लास्ट सीन’ रात्री दोनला पाहणे, हे सारे तलफेला खाद्य घालणेच आहे.

वाँग कार-वाय यांना हे कळत नव्हते असे नाही. फे वर्षभरासाठी निघून जाते. परतते तेव्हा ती त्याच्यासमोर येऊन उभी राहते आणि त्याला कुठे जायचे आहे, हे विचारते. आधी तिने काही विचारलेच नव्हते.

प्रेमभंगानंतर काही आठवडे झोप न लागणे, भूक मंदावणे, कामात लक्ष न लागणे स्वाभाविक आहे. महिने उलटूनही ते कमी होत नसेल, पाठलाग करावासा वाटत असेल, स्वतःला किंवा समोरच्याला इजा करण्याचे विचार येत असतील, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. असे विचार येत असतील, तर एक दिवसही थांबू नये. केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास सुरू असतो आणि तिथे मराठीतही बोलता येते.