दुखण्याच्या दारावरचा पहारेकरी

मुलांनो, बाकाच्या कडेवर कोपर आपटलं की तुम्ही काय करता? "आई गं!" म्हणता आणि लगेच ते चोळू लागता. चोळलं की जरा बरंही वाटतं. असं का, सांगा पाहू?

रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या शास्त्रज्ञांनी १९६५ साली याचं एक उत्तर सुचवलं. दुखण्याची बातमी बारीक मज्जातंतूंतून पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत येते आणि तिथून मेंदूकडे जाते. या वाटेवर एक दार आहे, असं समजा. स्पर्शाची बातमी जाड मज्जातंतूंतून येते, तीही वेगाने! ती आली की पहारेकरी दार थोडं लोटून घेतो. मग दुखण्याची बातमी पुढे कमी जाते.

पण काही दुखणी भलतीच हट्टी. नागीण झालेल्या एखाद्या आजीचे फोड सुकतात, कातडी बरी होते. तरी आग मात्र महिनोन्‌महिने राहते. पदर नुसता घासला तरी कळ येते! कारण दुखावलेला मज्जातंतूच खोटी वर्दी देत राहतो. तिथे चोळणार कसं?

मज्जातंतूंतली बातमी विजेच्या रूपात धावते. मग विजेनेच दार लोटलं तर? १९६७ साली वॉल आणि विल्यम स्वीट यांनी सौम्य वीज स्वतःच्या मज्जातंतूंनाही देऊन पाहिली. त्याच वर्षी अमेरिकेत डॉ. नॉर्मन शीली यांनी एका रुग्णाच्या मज्जारज्जूशी विजेची तार बसवली.

आज दोन्ही तऱ्हा आहेत. 'टेन्स' नावाची छोटी पेटी त्वचेवर चिकटवलेल्या पट्ट्यांतून झिणझिण्या देते. फारच हट्टी दुखण्यासाठी शस्त्रक्रिया करून कण्यात तारा आणि कातडीखाली बॅटरी बसवतात. त्याआधी काही दिवस चाचणी घेतात, कारण गुण सगळ्यांनाच येतो असं नाही.

आणि हो, घरच्या विजेशी खेळ अजिबात नाही! ती जीव घेते. टेन्सही डॉक्टरांना विचारूनच. हृदयात पेसमेकर असेल त्यांनी तर नक्कीच.

एक गोष्ट मात्र तुम्ही आजच करू शकता. आजी "आग होतेय गं" म्हणाली, तर "कुठे काय दिसतंय?" म्हणू नका. वर्दी खोटी असली तरी कळ खरीच असते, बरं का!