जुन्या लॅपटॉपची रॅम वाढवायचीय? रॅम एवढी महाग का झाली आणि पैसे देण्याआधी काय तपासायचं?

लॅपटॉप सुरू केला की चहा होईपर्यंत थांबावं लागतं. ब्राउझरमध्ये चार टॅब उघडले की पाचव्याला सगळं अडकतं. पाच-सात वर्षं जुना, ४ जीबी रॅमचा लॅपटॉप वापरणाऱ्यांना हे रोजचंच आहे.

यावर आजवर एक सोपा उपाय होता. नवा लॅपटॉप घेण्याऐवजी दुकानात जायचं, रॅम वाढवून घ्यायची आणि आणखी दोन-तीन वर्षं काढायची. लोणी, संगमनेर, कोपरगावच्या इंजिनीअरिंग कॉलेजांत शिकणारी मुलं असोत, एमपीएससीची तयारी करणारे असोत किंवा गावातलं आपले सरकार सेवा केंद्र, अहिल्यानगर जिल्ह्यात अनेकांचं काम अशाच जुन्या मशीनवर चालतं.

पण २०२५ च्या अखेरीपासून हा स्वस्तातला उपाय महाग झाला. रॅमच्या किमती काही महिन्यांतच दुपटीच्या पुढे गेल्या. असं का झालं?

नगरच्या दुकानातल्या रॅमचा एआयशी काय संबंध?

जगातली बहुतांश रॅम फक्त तीन कंपन्या बनवतात. दक्षिण कोरियाच्या सॅमसंग आणि एसके हायनिक्स, आणि अमेरिकेची मायक्रॉन. या तिघींनी आपला मोर्चा एआयकडे वळवलाय.

एआयच्या डेटा सेंटरमध्ये एचबीएम नावाची खास मेमरी लागते. यात मेमरीच्या चिप एकावर एक रचलेल्या असतात. ती बनते त्याच सिलिकॉनच्या चकत्यांवर, म्हणजे वेफरवर, ज्यांच्यावर आपल्या लॅपटॉपची रॅम बनते. मायक्रॉनच्या म्हणण्यानुसार, तेवढ्याच क्षमतेची एचबीएम बनवायला साध्या डीडीआर-५ रॅमच्या साधारण तिप्पट वेफर लागतात. शिवाय एचबीएममध्ये नफाही जास्त. त्यामुळे साध्या रॅमसाठी कारखान्यात जागा कमी उरली.

ऑक्टोबर २०२५ मध्ये ओपनएआयने सॅमसंग आणि एसके हायनिक्ससोबत प्राथमिक करार केले. त्यात महिन्याला ९ लाख वेफरपर्यंतचं लक्ष्य होतं. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने सामान्य ग्राहकांसाठीचा 'क्रुशल' हा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. जुन्या लॅपटॉपमध्ये रॅम टाकणाऱ्यांच्या ओळखीचा हा ब्रँड होता.

मग जुन्या प्रकारची रॅम तरी स्वस्त का नाही?

जुन्या लॅपटॉपमध्ये डीडीआर-३ किंवा डीडीआर-४ रॅम असते. डीडीआर-४ बाजारात आली २०१४ मध्ये. मोठ्या कंपन्या आता तिचं उत्पादन आवरतं घेतायत. माल कमी आणि जुने लॅपटॉप मात्र लाखोंनी वापरात, त्यामुळे तिचेही भाव चढले.

त्यात भारतात रॅमच्या चिप आयात होतात. डिसेंबर २०२५ मध्ये एका डॉलरसाठी ९० रुपयांहून अधिक मोजावे लागले. वर १८ टक्के जीएसटी. गुजरातच्या साणंदमध्ये मायक्रॉनचा प्रकल्प आहे, पण तिथे चिपचं पॅकेजिंग आणि चाचणी होते. मूळ वेफर परदेशातच बनतात.

पैसे देण्याआधी काय तपासायचं?

चुकीची रॅम घेतली तर ती बसतच नाही. आणि खरेदी पुण्याहून केली असेल, तर बदलून आणायला पुन्हा १२० किलोमीटरची फेरी. म्हणून या पाच गोष्टी आधी पाहा.

१. रॅम बदलता येते का? अनेक सडपातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडा, 'परफॉर्मन्स'मध्ये 'मेमरी'वर क्लिक करा. किती स्लॉट वापरात आहेत, हे तिथे दिसतं. तरीही मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या वेबसाइटवर खात्री करा.

२. प्रकार कोणता? डीडीआर-३, ४ आणि ५ यांच्या खाचा वेगवेगळ्या जागी असतात. एकीच्या जागी दुसरी बसत नाही. लॅपटॉपची रॅम डेस्कटॉपच्या रॅमपेक्षा आखूड असते, तिला 'सो-डिम' म्हणतात. डीडीआर-३ मध्येही अनेक लॅपटॉपना कमी व्होल्टेजची 'डीडीआर-३एल' लागते.

३. कमाल मर्यादा किती? प्रत्येक लॅपटॉप ठरावीक क्षमतेपर्यंतचीच रॅम ओळखतो. शिवाय विंडोज ३२ बिटचं असेल तर ४ जीबीच्या पुढची रॅम असून नसल्यासारखी.

४. अडचण खरंच रॅमची आहे का? नेहमीची कामं सुरू ठेवून टास्क मॅनेजर पाहा. मेमरी सतत ८०-९० टक्क्यांवर असेल, तर रॅम वाढवून फरक पडेल. पण मेमरी मोकळी आणि डिस्क १०० टक्के असेल, तर दुखणं जुन्या हार्ड डिस्कचं असू शकतं. तिथे रॅमपेक्षा एसएसडी जास्त कामाची. मात्र तिचेही भाव वाढलेत.

५. विंडोज कोणतं? विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. लॅपटॉप त्याहून जुना असेल तर महागडी रॅम टाकूनही सुरक्षेचा प्रश्न उरतोच. लिनक्स हा मोफत पर्याय आहे, पण कॉलेजचं किंवा केंद्राचं सॉफ्टवेअर त्यावर चालतं का, ते आधी विचारा.

जुनी, वापरलेली रॅम घ्यावी का?

रॅममध्ये फिरणारे भाग नसतात, त्यामुळे ती हार्ड डिस्कसारखी झिजत नाही. वापरलेली रॅम चालू शकते, पण दुकानात लॅपटॉप नेऊन, समोर बसवून आणि विंडोजमधलं 'मेमरी डायग्नोस्टिक' चालवूनच घ्या. तोंडी वॉरंटीवर विश्वास ठेवू नका, जीएसटीचं बिल मागा. वाद झालाच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे १९१५.

थांबायचं की घ्यायचं?

चिपचा नवा कारखाना उभा राहायला काही वर्षं जातात. त्यामुळे पुढच्या महिन्यात भाव पडतील, या आशेवर काम अडवून ठेवण्यात अर्थ नाही. ४ जीबीवर काम अडत असेल आणि लॅपटॉप विंडोज ११ चालवू शकत असेल, तर ८ जीबीपर्यंत नेणं बहुतेकांना पुरेसं ठरतं. आहे त्यावर भागत असेल, तर आपोआप सुरू होणारे प्रोग्रॅम बंद करा, नको असलेली सॉफ्टवेअर काढा आणि ब्राउझरचे टॅब कमी ठेवा. त्याला पैसे लागत नाहीत.

डेटा सेंटर अमेरिकेत उभं राहतं आणि त्याची किंमत अकोल्यातला किंवा जामखेडमधला विद्यार्थीही मोजतो. म्हणूनच पैसे देण्याआधीची दहा मिनिटांची तपासणी आता पूर्वीपेक्षा जास्त मोलाची झालीय.