सोयीचा व्यवसाय कोणता?

गोंदियाहून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांची कन्या यंदा बारावीची परीक्षा उत्तीर्ण झाली असून औषधनिर्माणशास्त्राची पदवी घ्यावी, अशी तिची इच्छा आहे. घरातील वडील मंडळींचे म्हणणे निराळे. चार-पाच वर्षांत लग्न होईल, पुढे मुलेबाळे होतील; तेव्हा मुलीने अध्यापनाची पदविका घेऊन शिक्षिका व्हावे, म्हणजे संसारास अडचण पडणार नाही, असे त्यांस वाटते. हा पेच अनेक घरांत पडत असल्यामुळे त्याचा विचार येथे करीत आहे.

वडील मंडळींची काळजी निराधार नाही. सरकारी नोकरीतील स्त्रीस १८० दिवसांची प्रसूतिरजा मिळते. शिवाय २०१८ पासून महाराष्ट्रात, मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत, संपूर्ण सेवेत मिळून १८० दिवसांची बालसंगोपन रजा ठेविली आहे. जिल्हा परिषदेच्या शिक्षिकांसही ती लागू आहे. उन्हाळ्याच्या सुटीत आई व मुले एकाच वेळी घरी असतात, हा लाभही लहान नव्हे.

तथापि पदविका हाती येणे म्हणजे नेमणूक होणे नव्हे. पात्रता परीक्षा उत्तीर्ण होऊनही भरतीची वाट पाहावी लागते. नेमणूक झालीच, तरी ती घराजवळच्या शाळेत होईल असा भरवसा नाही. सालेकसा, देवरी किंवा अर्जुनी-मोरगाव तालुक्यातील एखादे खेडे वाट्यास येणे अगदी शक्य आहे. तेथील शाळेत दोनच शिक्षक असले, तर मूल तापाने फणफणले असताही रजा मागण्यास आईचा जीव कचरतो. कारण आपण न गेल्यास सर्व वर्गांचा भार एकट्या सहकाऱ्यावर पडणार, हे तिला ठाऊक असते. रजेचा नियम उत्तम. परंतु आपल्या जागी उभे राहणारे माणूस नसेल, तर तो पुष्कळदा कागदावरच राहतो.

याच मुद्द्यावर क्लॉडिया गोल्डिन या अमेरिकन विदुषीने मोठा प्रकाश पाडला आहे. स्त्रियांच्या कमाईच्या अभ्यासाबद्दल त्यांस २०२३ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांनी दाखवून दिले की, त्या देशात औषधविक्रीचा व्यवसाय आईपणास विशेष अनुकूल ठरला आहे. आणि तो हलका आहे म्हणून नव्हे. पूर्वी तेथे औषधांची दुकाने बहुधा एकेका मालकाची असत. पुढे मोठ्या पेढ्यांची दुकाने झाली, गिऱ्हाइकाची सर्व नोंद संगणकात राहू लागली, आणि एका औषधज्ञाच्या जागी दुसरा सहज उभा राहू शकू लागला. त्यामुळे थोडे तास काम करणाऱ्या स्त्रीचा तासाचा मोबदला फारसा घटत नाही. उलट, जेथे माणसाने रात्री-अपरात्री हजर असावे अशी अपेक्षा असते व त्याच हजेरीचा भरपूर मोबदला मिळतो, तेथे आई मागे पडते.

परंतु अमेरिकेचे माप गोंदियास जसेच्या तसे लावू नये. आपल्या कायद्याप्रमाणे डॉक्टरच्या चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत औषधज्ञाच्या देखरेखीखालीच विकावे लागते. एकटीनेच दुकान थाटले, तर ते सोडून जाण्याची सोय नाही. दोघी मैत्रिणींनी भागीदारी केली, किंवा पाळ्या लावलेल्या रुग्णालयात नोकरी धरली, तर गोष्ट वेगळी.

खाजगी नोकरीतही हक्क मुळीच नाहीत असे नव्हे. १९६१ च्या प्रसूतिलाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती होऊन पहिल्या दोन अपत्यांकरिता भरपगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांची झाली, आणि पन्नास किंवा अधिक माणसे कामास असतील तेथे पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत या तरतुदी कायम आहेत. दहापेक्षा कमी माणसांच्या दुकानास मात्र हा नियम सामान्यतः लागत नाही. म्हणून नोकरी धरण्यापूर्वीच चौकशी करावी.

तेव्हा व्यवसाय निवडताना 'हे बायकांचे काम आहे का?' असे न विचारता चार गोष्टी विचाराव्या. माझ्या जागी दुसरे कोणी उभे राहू शकेल काय? दोन वर्षे थांबले, तर विद्या शिळी होईल काय? कामाची जागा घरापासून किती दूर? आणि घरी माझ्या बरोबरीने मूल कोण सांभाळील?

यांपैकी चौथा प्रश्न मुलीने एकटीने सोडवावयाचा नाही. केंद्र सरकारच्या पुरुष नोकरासही १५ दिवसांची पितृत्वरजा आहे. पण मूल पंधरा दिवसांत मोठे होत नाही. जावई शोधताना पत्रिका, पगार व घराणे आपण पाहतोच. रात्री रडणारे मूल तो खांद्यावर घेईल काय, हेही पाहावे.

पत्र लिहिणाऱ्या भगिनीस आमचे सांगणे इतकेच की, कन्येस औषधनिर्माणशास्त्र आवडत असेल, तर खुशाल शिकू द्यावे. जे मूल अद्याप जन्मास आलेले नाही, त्याच्यासाठी आज तिच्या बुद्धीचा संकोच करू नये. मनाविरुद्ध पत्करलेले सोयीचे काम पहिल्याच अडचणीला सुटते. आवडीचे काम मात्र मध्ये खंड पडला, तरी पुन्हा हाती धरावेसे वाटते.